ठकूमायची सोबत

रस्ते बैलांनी पाडलेले होते आणि परगावी जायचं म्हणजे भाकरी बांधूनच निघायचं, त्या काळची ही गोष्ट. नदीकाठी खडकोंड नावाचं गाव होतं आणि त्या गावात ठकू नावाची एवढीशी पोर. तिच्या आईच्या, चिमाच्या, हातांवर पांढरे डाग उठले. आधी बोटांवर, मग मनगटापर्यंत. गाव म्हणालं, महारोग! डाग दिसला की महारोग आणि महारोग म्हटला की माणूस नदीपल्याड, एवढंच वैद्यक त्या गावाला येत होतं. चिमाला पलीकडं खोपट घालून दिलं. पात्रातल्या सपाट खडकावर भाकरी ठेवायची, ठेवणारा मागं फिरला की मग तिनं येऊन न्यायची, असं ठरलं.

भाकरी ठेवायला ठकूच जायची. जराशी मागं सरायची आणि बघत उभी राहायची. चिमा पलीकडून हात वर करायची. उन्हात ते हात असे लखलखायचे की नदीतले मासे बघायला वर यायचे, असं म्हणतात. मासे येवोत न येवोत, पोर मात्र रोज रडायची. तिला त्या हातचा एक घास हवा होता, दुसरं काही नको होतं.

उन्हाळ्यात पाणी घोट्याएवढं झालं, तेव्हा ती सरळ पलीकडं निघाली. आई मागं मागं सरू लागली.

"येऊ नगं, बाय! तुला लागंल!"

"लागू दे. मला तुझ्यापाशी यायचंय."

चिमा पळाली. पोटच्या पोरीपासून पळाली, आता याहून वाईट काय सांगू? पोर पुन्हा येईल या भीतीनं तिनं त्याच दिवशी खोपट सोडलं. दुसऱ्या दिवशीची भाकरी खडकावर तशीच राहिली. मेंढरांच्या वाटेनं ती एकटीच गेली, असं म्हणतात. कुठं गेली, ते मात्र कुणालाच सांगता येत नाही.

ठकू मोठी झाली आणि आईला शोधायला लागली. बाजारात, जत्रेत, पाणवठ्यावर ती माणसांचे चेहरे बघायचीच नाही, हात बघायची. हात बघता बघता तिला खरूज ओळखता यायला लागली, नायटा ओळखता यायला लागला. असंच फिरताना घाटाखाली तिला एक वैद्य भेटला. तो ताप बघत नसे, पोटदुखी बघत नसे. फक्त कातडी बघायचा, तीही सकाळच्या उन्हात माणसाला बसवून. ठकूनं त्याला आईच्या हातांचं सगळं सांगितलं.

"चटका बसला तर तिला कळायचं का?" त्यानं विचारलं.

"कळायचं की. तवा लागला तर हात झटकायची."

"महारोगाच्या डागाला चटका कळत नाही. ते कोड होतं, पोरी. नुसता रंग गेला होता. कोड कुणाला लागत नाही."

म्हणजे नदी ओलांडून ठकूनं आईला मिठी मारली असती, तरी काहीसुद्धा झालं नसतं! ती इतकी रडली की वैद्याच्या अंगणातली विहीर खारट झाली, असं म्हणतात. अजून खारट आहे म्हणे. मी काही चाखलेली नाही.

ती तिथंच राहिली, शिकली आणि परत आली. खडकोंडात तिची ठकूमाय झाली. खरूज, नायटा, चिखल्या ती स्वतः बघायची. न कळलेलं कळल्यासारखं मात्र तिनं कधी केलं नाही. "ह्ये माझ्या हातचं न्हाई, चल घाटाखाली," म्हणायची आणि स्वतः बरोबर निघायची. ज्याच्या डागाला कोंबडीच्या पिसाचा स्पर्श कळत नसे, त्याला तर सगळ्यात आधी न्यायची, कारण वैद्यानं तिला बजावलं होतं, "अशा माणसाला हाकलायचं नाही, माझ्याकडं आणायचं." वाटेत दोघं एकाच फडक्यातली भाकरी खायची. ती बरोबर असली की पुराची नदीसुद्धा घोट्याएवढी व्हायची, असं म्हणतात. नदीला आपली चूक उमगली असावी.

आणि प्रत्येक वाटेवर, प्रत्येक वस्तीवर ती विचारायची, "पांढऱ्या हातांची बाई दिसली का हो कुणाला?" वय झालं, केस पिकले. आई आता जगात नसणार हे तिलाही कळत होतं. तरी विचारायची. आस काय वय बघून थांबते?

मग एका सकाळी तिच्याच बोटांवर पांढरे डाग दिसले. बघता बघता ते मनगटापर्यंत गेले. गाव गोळा झालं, पण नदीपल्याडचं नाव आता कुणी काढलं नाही. ठकूमाय अंगणात उन्हाला बसून हात उलटेसुलटे करून बघत होती.

"आगं, ह्ये तर आयेचं हात!" ती म्हणाली.

तिनं भाकरी मागवली, दुधात कुस्करली, डोळे मिटले आणि त्या हातानं एक घास तोंडात घातला. सावकाश चावला. गाल ओले झाले होते.

"आज जेवले," ती म्हणाली.

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. गेली तेव्हा तिचे हात भरदुपारी चांदण्यासारखे दिसत होते, असं म्हणतात.

आता खडकोंडला डांबरी सडक आहे. तालुक्याच्या गावी कातडीच्या डॉक्टरीणबाई बसतात. पण चट्टा असो, इसब असो, नाहीतर कॉलेजातल्या पोरीच्या तोंडावरच्या पुटकुळ्या असोत, खडकोंडचं माणूस त्यांच्याकडं कधी एकटं जात नाही. दुसऱ्या घरातलं कुणीतरी बरोबर निघतं. याला ठकूमायची सोबत म्हणतात. पोरी लाजतात, कुरकुरतात, पण सोबत काही टळत नाही.

डॉक्टरीणबाई नव्या होत्या तेव्हा त्यांनी आधी खडकोंडच्या एका पोरीला तपासलं आणि मग शेजारी बसलेल्या म्हातारीला विचारलं, "आजी, आता तुमचं दाखवा. तुम्हाला काय होतंय?"

"मला कुटं काय हुतंय," म्हातारी म्हणाली. "ही येकटी नको, म्हून आले."