चुलीविना शिधा

पूर्वी कंकणपुरात राजा दीर्घबाहू राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या एका धान्याच्या व्यापाऱ्याच्या घरी जन्मला. मुलाचं नाव वसुदत्त. हात सढळ होता, आणि त्या सढळपणाचा थोडा तोराही होता. बोधिसत्त्व झाला तरी तोही माणूसच.

दारी येणाऱ्या भिकाऱ्यांना लोक उरलंसुरलं वाढीत. वसुदत्ताला ते हलकं वाटे. पाहुण्याला द्यावा तसा तो त्यांना कोरडा शिधा देई: तांदूळ, मुगाची डाळ, वर गुळाचा खडा. त्यांत पाटला नावाची एक म्हातारी असे. तिचं गाव पुरात वाहून गेलं होतं. शिधा पदरात घेऊन ती निमूट निघून जाई.

एके दिवशी रखवालदार सुबाहू तणतणत आला. "धनी, ती म्हातारी आपला तांदूळ पाखरांना टाकते. माजलीय. उद्यापासून तिला दारात उभं करू नका."

वसुदत्ताला ते लागलं. जाब विचारायला तो तडक नदीकाठी गेला. पाटला झाडाखाली बसून पदरातले तांदूळ निवडीत होती. खडे कधीच संपले होते, तरी दाणे इकडचे तिकडे सारणं चालूच होतं.

"आजी, पाखरांना का टाकता?"

"पावसात भिजून कुजतात, बाबा. त्याआधी कुणाच्या तरी पोटात जावेत." ती ओशाळली. "शिधा तुम्ही देता, पण चूल कुठली आणू? तरी निवडून घेते. निवडताना वाटतं, आता उठायचं, आधण ठेवायचं. तेवढा वेळ मी माझ्या घरात असते."

वसुदत्त तिच्यासमोर खाली बसला. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

"काय देऊ, आजी?" हे त्याने आजवर कुणालाच विचारलं नव्हतं.

ती नदीकडे पाहत राहिली. पलीकडे कुठेतरी तिचं गाव होतं. "हवं ते तर मिळायचं नाही," ती म्हणाली. "तीन दगड मांडायला जागा द्या. कुणी ऊठ म्हणणार नाही अशी."

वसुदत्ताच्या बैलगाड्यांच्या आवारात, भिंतीलगत एक छप्पर उभं राहिलं. सुबाहू कुरकुरला, "आज एक चूल, उद्या रांग लागेल." रांग लागलीच. आवार चुलींनी भरलं, आणि गाड्या बाहेर रस्त्यावर उभ्या राहू लागल्या.

पण त्या पहिल्या दिवशी पाटलाने चूल सारवली, भात रटरटला, आणि ती रडू लागली. जेवायला हाक मारावी असं तिचं कुणी उरलं नव्हतं. तेवढ्यात दाराशी वसुदत्त दिसला. आत जावं की नाही, हे त्याला कळत नव्हतं. तिने डोळे पुसून पान मांडलं.

"असे दारात काय उभे? या, बसा. जेवून जा."

एवढी आपल्या मागल्या जन्मीची गोष्ट सांगून शास्ता बुद्ध म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाची पाटला म्हणजे आपल्या विहारातली ही वृद्ध भिक्षुणी. सुबाहू म्हणजे आज सकाळी फाटकावरून याचकांना हाकलणारा हा भिक्षू. आणि वसुदत्त मीच. दुसऱ्याच्या दारी कसं उभं राहावं, ते मी त्या दिवशी शिकलो. माझी दानपारमी, म्हणजे दानाची साधना, त्या जन्मी पूर्ण झाली, ती तिच्या हातचा घास घेताना."