पहिली घंटा

"मग पहिली घंटा गेली कुठे?" जुजेने विचारलं.

त्याचे काका, घंटा ओतणारे बस्त्याव मेस्त, साच्यासाठी माती मळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

जुजे त्यांच्या पुढ्यात जाऊन उकिडवा बसला. घंटा वाजवून पारखता पारखता काकांचे कान गेले होते. समोरच्याचे ओठ दिसले तरच त्यांना बोलणं कळे.

त्याने पुन्हा विचारलं.

"कोणाची घंटा?"

"पेद्रूची. आपल्या घराण्यातला पहिला ओतारी. बाकी सगळ्यांच्या सापडल्या. चर्चमधल्या नऊ, देवळांतल्या दोन. प्रत्येकीपर्यंत चढून गेलो. खांद्याखाली तीन वेढे दिसले, म्हणजे आपली; कोणाची, ते सालावरून कळलं. पेद्रूची मात्र एकही नाही."

"अकरा ठिकाणी चढलास?"

"अकरा."

"गुडघे चांगले आहेत तुझे," मेस्त म्हणाले आणि पुन्हा माती मळू लागले.

जुजे त्यांच्या भावाचा मुलगा. शहरात ओतकाम शिकून, सर्टिफिकेट घेऊन दोन वर्षांपूर्वी तो या खाडीकाठच्या गावी आला होता. काकांनी सर्टिफिकेट उलटसुलट करून पाहिलं होतं आणि त्याच्या हाती फावडं दिलं होतं. तेव्हापासून त्याने माती चाळली, कोळसा फोडला, भाता ओढला. संध्याकाळी तो एका वहीत घराण्याचा इतिहास लिही. सात पिढ्या, सात नावं. सातवं बस्त्यावचं. आठव्या नावाची ओळ त्याने मोकळी ठेवली होती.

घरात माणसं दोन, आणि त्यातलं एक ऐकत नव्हतं. वहीशिवाय बोलायला कोणी नव्हतं.

अंगणात एक घंटा पडली होती. आंबेखोलच्या चर्चची. ओठापासून खांद्यापर्यंत तडकलेली. पाद्रीबाबांनी चिठ्ठी पाठवली होती. पाच आठवड्यांनी गावचा सण, फेस्त आहे, हिच्याच धातूची नवी करून द्या.

"ही तू ओत," मेस्त सकाळीच म्हणाले होते.

दोन वर्षं ज्या शब्दांची वाट पाहिली, ते असे माती मळताना आले होते. जुजे आनंदाने घंटेजवळ गेला होता, वाकून आत पाहिलं होतं, आणि तिथेच थांबला होता.

आतल्या बाजूला बोटभर उंचीची अक्षरं होती. कायतान.

कायतान म्हणजे त्याचा आजा, मेस्तांचा बाप.

आता तो म्हणाला, "काका, आपल्या एकाही घंटेवर नाव नाही. एवढं एकच आहे."

"आहे खरं."

"मग ही फोडायची कशी? आपण नवं तांबं आणू, नवं कथील आणू. ही घरात ठेवू. घंटा ओतणाऱ्यांच्या सात पिढ्या झाल्या, तरी आपल्या कपेलात, गावच्या छोट्या प्रार्थनाघरात, घंटेऐवजी रुळाचा तुकडा वाजतोय. लोक हसतात. निदान घरात तरी एक असू दे."

"तडकलेली?"

"तडकलेली तर तडकलेली. आजाची आहे."

मेस्तांनी मातीचे हात झटकले.

"पेद्रूची घंटा विचारत होतास ना?"

"हो."

त्यांनी चिखलाच्या बोटाने अंगणातल्या घंटेकडे दाखवलं.

"ही? ही तर आजाची..."

"पेद्रूने पहिली घंटा आंबेखोलला दिली. ती तडकली. त्याच्या लेकाने फोडली, त्यातूनच दुसरी ओतली. तीही तडकली. नातवाने फोडली. असं करत करत माझ्या बाबाने फोडली, ही ओतली. तडकायची तर सगळ्याच तडकतात."

जुजेने घंटेच्या तड्यावरून हात फिरवला.

"मग तर मी मुळीच फोडणार नाही," तो म्हणाला.

मेस्त उठले. कोपऱ्यातला घण आणून त्याच्या पायाशी ठेवला आणि चूल पेटवायला आत गेले.

दोन दिवस घण तिथेच पडून होता. दोन दिवस दोघं समोरासमोर बसून पेज जेवले. मेस्तांनी त्याच्या ओठांकडे पाहिलं नाही, त्यामुळे त्याला काही बोलता आलं नाही.

तिसऱ्या दिवशी जुजेने घण उचलला.

नावाचा तुकडा वेगळा निघाला. तळहाताएवढा, जड. मेस्त तेव्हा विहिरीवर होते. जुजेने तो सदऱ्यात गुंडाळला आणि आपल्या ट्रंकेत वहीखाली ठेवला.

मेस्तांनी घंटेचं वजन आधीच केलं होतं. त्या वजनावरून साचा बांधला होता. धातू जळून किती कमी होईल तेही धरलं होतं, त्यापुरतं तांबं-कथील काढून ठेवलं होतं. त्याहून एक मूठ जास्त नाही.

साचा वाळायला बरेच दिवस गेले. मग तुकडे मुशीत गेले. धातू पातळ झाला.

"सगळे घातलेस?" मेस्तांनी विचारलं.

"घातले."

मेस्त त्याच्या ओठांकडे पाहत राहिले. त्याचं बोलून झालं होतं, तरी ते पाहत राहिले...

"ओत मग."

घंटा खड्ड्यातल्या साच्यात दोन दिवस निवली. तिसऱ्या दिवशी जुजेने एकट्याने माती उकरली. आधी खांदा दिसला. खाली तीन वेढे सरळ उमटले होते. कुठे बुडबुडा नाही, कुठे भेग नाही. त्याला हसू आलं. मग त्याने माथ्यावरची माती बोटांनी काढली.

घंटा साच्यात तोंड खाली करून ओततात. तळ आधी भरतो आणि माथा शेवटी. माथ्यावर घंटा टांगायची कडी असते. ती सगळ्यात शेवटी भरते.

कडीच्या जागी दोन ठेंगणे खुंट होते. धातू तिथपर्यंत येऊन संपला होता.

तो तसाच खड्ड्यात बसून राहिला. मग मेस्त आले. दोघांनी मिळून घंटा बाहेर काढली, काथ्याच्या चुंबळीवर उलटी ठेवली. मेस्तांनी त्याच्या हाती लाकडी हातोडा दिला.

जुजेने ठोका दिला.

इतका स्वच्छ आवाज त्याने त्या अकरा घंटांतही ऐकला नव्हता. तो खाडीवरून गेला आणि लांबपर्यंत जात राहिला. जुजेने मागे वळून पाहिलं. कोणाला तरी सांगावंसं वाटलं. अंगणात कोणी नव्हतं. काका होते, ते घंटेकडे पाहत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नव्हतं.

मेस्तांनी तळहात घंटेवर ठेवला. आवाज थांबला.

"चांगली आहे," ते म्हणाले.

"तुम्हाला कळलं?"

"हात ठेवल्याशिवाय कळत नाही. हात ठेवला की ती गप्प होते." त्यांनी हात काढून घेतला. "किती वेळ वाजली असती?"

"खूप वेळ..."

"बरं." ते खाली वाकले. माथ्यावरचे खुंट चाचपले. "आणि हिला टांगणार कशाने?"

जुजे आत गेला. ट्रंक उघडली. सदऱ्यातला तुकडा आणून काकांपुढे जमिनीवर ठेवला. त्याची मान खाली होती.

मेस्त रागावले नाहीत. त्यांनी तुकडा मांडीवर घेतला आणि अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"त्या साली आई गेली," ते म्हणाले. "घरात बाबा, मी आणि तुझा बाप. आम्ही दोघं लहान. बाबाशी बोलायला कोणी नाही. एक दिवस साच्यात अक्षरं कोरायला बसला. मी विचारलं, नाव आतून कशाला? आतून कोणाला दिसणार? तर म्हणाला, दिसायला नको. रोज तीन वेळा लोलकाचा ठोका बसेल, तेवढीच कोणी हाक मारल्यासारखं वाटेल."

"मग?"

"मग काय. घंटा आंबेखोलला गेली. बाबा इथे राहिला."

"पण वाजत तर होती."

"रोज वाजली. इथवर ऐकू येत नाही."

खाडीवरून एक होडी गेली. होडीतल्या माणसाने हात केला. मेस्तांनीही हात केला.

मग ते उठले. घण आणला आणि जुजेसमोर धरला.

जुजेला कळलं, हीही फोडायची. कडी नंतर जोडता येत नाही. पंधरा दिवसांवर फेस्त होतं. नवा साचा लगेच धरला तर जेमतेम होणार होतं.

"काका... ही माझी पहिली घंटा आहे."

मेस्तांनी त्याचे ओठ वाचले. घण तसाच धरून ठेवला.

"तुम्ही तर ऐकलीही नाहीत. माझ्याशिवाय कोणीच ऐकली नाही."

मेस्तांनी घण आणखी पुढे केला.

जुजेने तो घेतला.

पहिल्या घावाला घंटा वाजली. तशीच, स्वच्छ. दुसऱ्या घावालाही वाजली. तिसऱ्याला तिचा आवाज बसला. मग तो थांबला नाही. डोळे पुसायलाही थांबला नाही.

सगळे तुकडे झाले तेव्हा मेस्तांनी नावाचा तुकडा त्यांच्यात टाकला. मग आत जाऊन जुजेची वही घेऊन आले. दोन वर्षांत त्यांनी तिला हात लावला नव्हता. पायरीवर बसून त्यांनी ती मांडीवर उघडली, सात नावांवरून बोट खाली नेलं आणि मोकळ्या ओळीवर थांबवलं.

पेन्सिल जिभेला लावून त्यांनी जुजेच्या ओठांकडे पाहिलं.

"हं, सांग," ते म्हणाले. "तुझी पहिली घंटा गेली कुठे?"