वाजणारी टाकी

"खरं सांगा गुरुजी, ही टाकी तुम्हीच करून दिलीत ना तिला?"

लोखंडे सरांनी चपला काढायच्या आधीच विचारलं. त्यांच्या हातात आइस्क्रीमचा रिकामा डबा होता आणि त्यातून दोन वायरी लोंबत होत्या. मागे त्यांच्या चौथीच्या वर्गातली दोन मुलं. शौर्यने थर्माकोलचा भलाथोरला प्रकल्प पोटाशी धरला होता. दुर्वा रडून रडून लाल झाली होती.

मामंजी झोपाळ्यावर होते. "मी पक्कड दिली," ते म्हणाले.

"फक्त पक्कड?"

"ती अजून परत आलेली नाही."

दुर्वाने नाक ओढलं. "उद्या आणते, आजोबा."

मी कोपऱ्यात मेथी निवडत होते. हसू आलं, पण सरांचा चेहरा बघून दाबलं. हे वैजनाथ लोखंडे एके काळी मामंजींच्याच हाताखाली शिकले. आता तालुक्यात 'प्रदर्शनवाले सर' म्हणून मिरवतात. विज्ञान प्रदर्शनाची ढाल दरवर्षी त्यांच्याच शाळेत येते, आणि त्यांची मान इतकी ताठ, की बघणाऱ्याची दुखावी.

शाळेतून एकच प्रकल्प तालुक्याला जातो. नाव आजच कळवायचं होतं. वर्गाने हात वर करून दुर्वाची टाकी निवडली, आणि सरांनी सगळ्या वर्गासमोर तिला खोटारडी म्हटलं. मला राग होता तो त्याचा. एवढीशी पोर हो ती! दुपारपासून जेवली नव्हती.

"नियम स्पष्ट आहे, गुरुजी. ज्याने स्वतः केलं त्याचंच नाव जाणार. आता तुम्हीच सांगा, चौथीतल्या मुलीला हे सुचेल? पाणी चढलं की थर्माकोलचा तुकडा तरंगत वर येतो, त्यावरचा चांदीचा कागद दोन वायरींना टेकतो आणि घंटी वाजते. हे डोकं हिचं? हिचे वडील पंखे-मिक्सर दुरुस्त करतात. आणि संध्याकाळी ही तुमच्याकडे पडीक. तुमच्या दोघांपैकी एकाचं काम आहे हे."

मामंजींनी डबा हातात घेऊन फिरवून पाहिला.

"पण किती वेडावाकडा झालाय."

"मुद्दाम! संशय येऊ नये म्हणून मुद्दाम वेडावाकडा केलाय."

घ्या! आता याच्यापुढे काय बोलायचं?

"आणि विचारलं, वीज कशी वाहते, तर म्हणते माहीत नाही. स्वतः केलं असतं तर सांगता आलं नसतं?"

मामंजींनी दुर्वाकडे पाहिलं. "माहीत नाही?"

"नाही..."

"मग टाकी कशाला केलीस?"

"नळ पहाटे येतो. आईचा डोळा लागला की टाकी भरून वाहते. मग शेजारच्या काकू भांडतात."

त्या काकू म्हणजे मी. मग काय, माझ्या अंगणात चिखल होतो तो!

मामंजी उठले. डबा जमिनीवर ठेवला. एक वायर धरली आणि हिसका देऊन काढली.

"अहो आजोबा!" दुर्वा किंचाळली. "काय केलंत हे? मोडली ना!"

रडणं कुठल्या कुठे गेलं. ती फतकल मारून बसली. वायरीचं टोक दातांनी सोललं, पीळ दिला, जोडलं. माझ्याजवळचा तांब्या न विचारता उचलला आणि डब्यात पाणी ओतलं.

घंटी गप्प...

"थांबा हं." तिने डब्याच्या आत डोकं खुपसलं. हिसक्याने चांदीचा कागद तिरपा झाला होता. तो नखाने सरळ केला मात्र, घंटी अशी कोकलली, की झोपाळ्याखालची मांजर पळाली.

मला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या.

सर मात्र डोळे बारीक करून बघत होते. "घरी सराव करून घेतला असेल."

"बिघडण्याचा?"

"असतात असे पालक, गुरुजी. तुम्हाला आजकालचं काही माहीत नाही."

मामंजी शौर्यकडे वळले.

"बरं... दुसरा दाखव."

सरांचा चेहरा खुलला. शौर्यने प्रकल्प मांडला. काय तो थाट! हिरवीगार टेकडी, कापसाचे ढग, वर फिरती पवनचक्की, पायथ्याला गाव आणि घराघरात दिवा. सरांनी मान हलवली तसं पोरगं सुरू झालं. "सन्माननीय परीक्षक, वंदनीय गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो, माझ्या प्रकल्पाचं नाव आहे, पवनऊर्जा, काळाची गरज..."

श्वास घ्यायलासुद्धा थांबेना. सरांचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते.

"वारा कुठाय रे?" मामंजींनी मध्येच विचारलं.

शौर्य अडखळला. सरांकडे बघितलं. मग पुन्हा पहिल्यापासून, "सन्माननीय परीक्षक, वंदनीय गुरुजनवर्ग..."

मामंजी टेकडीच्या मागे गेले. बोटांनी काहीतरी चाचपलं आणि ओढलं.

पवनचक्की थांबली. सगळं गाव अंधारात गेलं.

"...आणि अशा प्रकारे आपल्या गावातले दिवे कायम उजळत राहतात!" शौर्य म्हणाला. मग त्याचं लक्ष गेलं. तो सरांकडे बघत राहिला. बिचारं पोर! त्याचा काय दोष?

सर कधी उठले ते कळलंसुद्धा नाही. गुडघ्यांवर बसले, टेकडीच्या मागचा एक तुकडा झाकणासारखा अलगद काढला, हात खांद्यापर्यंत आत घातला. तोंड आमच्याकडे, आणि आत बोटं आपली आपण चाललेली. टक् करून वायर बसली. झाकण परत लागलं, वर चिकटपट्टी.

दिवे लागले. पवनचक्की गरगरायला लागली.

"झालं!" सर हसून म्हणाले. बाहीला हिरवा रंग लागला होता.

आम्ही सगळे त्या बाहीकडे बघत होतो.

सरांचं हसू हळूहळू उतरलं. हात अजून टेकडीवरच होता.

मामंजी गुडघे धरत त्यांच्यासमोर उकिडवे बसले. प्रदर्शनात परीक्षक लहान मुलांसमोर बसतात तसे. मायेने त्यांच्या पाठीवर थोपटलं.

"शाबास! नाव काय बाळ तुझं? कितवीत आहेस?"