सुईणीच्या फटफटीचा अंगरखा

फार फार मागची गोष्ट. किती मागची ते मला विचारू नका. ज्यांना ठाऊक होतं त्यांच्या नातवंडांनाही आता नातवंडं झाली. डोंगरांच्या कुशीत एक लहानसं राज्य होतं. त्या राज्यातल्या एका खेड्यात एक सुईण राहत होती आणि तिच्याकडे एक फटफटी होती.

‘इतक्या जुन्या काळी फटफटी कुठली?’ असं कोणीतरी म्हणेलच. अहो, गोष्टीतला वाघ घडाघडा मराठी बोलतो तेव्हा कोणी हरकत घेत नाही, मग एका फटफटीनेच काय घोडं मारलंय? होती म्हणजे होती.

फटफटी सुईणीच्या नवऱ्याची. घाटापलीकडच्या वाड्यांतून निरोप आला की तो तिला मागे बसवून निघायचा. पुढे तो वारला. तेव्हा सुईणीने पदर खोचला, आणि पडत-धडपडत ती स्वतःच फटफटी चालवायला शिकली. गाव फिदीफिदी हसलं. मग ज्याच्या त्याच्या घरी सुनेला कळा सुरू झाल्या आणि हसणं आपोआप थांबलं.

या फटफटीला एक अंगरखा होता. कापडाचा नव्हे, कचकड्याचा. समोरून वारा अडवणारा आणि दोन्ही बाजूंनी यंत्र झाकणारा, हलका आणि पातळ. नवऱ्याने त्यावर स्वतःच्या हाताने दोन हिरवे पोपट रंगवले होते. एवढ्या वर्षांत कचकडं पापडासारखं कडक झालं होतं. पण पोपट तसेच होते, आणि सुईणीचा जीव त्या पोपटांत होता.

दर दसऱ्याला फटफटीची पूजा व्हायची. झेंडूची माळ, ऊस, आणि अंगरख्याच्या मधोमध तेलात कालवलेल्या कुंकवाचा टिळा. ती जागा नवऱ्याने ठरवलेली. तो गेल्यावर सुईण त्याच जागी टिळा लावत राहिली, मात्र जुना कधी पुसला नाही. त्याच्या हातचा टिळा पुसायचा तरी कसा? टिळ्यावर टिळा चढत गेला आणि तिथे लाल खपली धरली.

होता होता फटफटी खोकायला लागली. गावात एक मिस्त्री होता. कामाचा वाघ, पण धीर म्हणाल तर तिळाएवढा. तो आला की सुईण आधीच बजावायची, “आत काय करायचं ते कर बाबा, पण अंगरखा काढायचा नाही. माझ्या मालकांनी तो कधी काढला नव्हता.”

“मावशी,” मिस्त्री वैतागायचा, “पोटात दुखतंय, आणि तुम्ही सदरा काढू देत नाही. मग औषध काय सदऱ्याला चोळू?”

“चोळ,” सुईण म्हणायची.

मग तो फटीतून बोटं घालून हाताला लागेल तेवढं घट्ट करायचा, कुठे तेल सोडायचा आणि कपाळाला हात लावून निघून जायचा. फटफटी चार दिवस बरी चालायची आणि पुन्हा खोकायची.

आता ऐका. सुईणीला एकच लेक. ती घाटापलीकडे दिलेली, आणि तिला दिवस गेलेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायची रीत. पण लेकीचे पाय सुजले, बैलगाडीचे धक्के सोसायचे नाहीत म्हणून सासूने तिला घरीच ठेवून घेतलं. लेकीने निरोप धाडला, “आई, तू ये. दिवस भरत आलेत. तू आलीस की मला भीती नाही.”

सुईणीने पिशवी भरली, डोक्याला फडकं बांधलं आणि फटफटीला लाथ मारली. फटफटी एकदा खोकली आणि गप्प झाली. दुसऱ्यांदा खोकलीसुद्धा नाही. चालत जावं तर सुईणीचे गुडघे अर्ध्या घाटातच बसकण मारणार. साऱ्या मुलखाच्या लेकरांना जिने जगात आणलं, तिला आपल्या लेकीपाशी पोचता येईना.

मिस्त्री आला. “आता अंगरखा उतरवल्यावाचून गत नाही,” तो म्हणाला. सुईणीने नाइलाजाने मान हलवली.

त्याने भराभरा दिसतील ते सगळे स्क्रू काढले. अंगरखा हलला, पण सुटेना. “जुनाट आहे, चिकटून बसलाय,” असं म्हणत त्याने दोन्ही हातांनी धरून हिसका दिला.

काडकन आवाज झाला. एका पोपटाची शेपटी मिस्त्रीच्या हातात आली.

सुईणीने कोपऱ्यातली केरसुणी उचलली. तिची नजर बघून मिस्त्रीने पायताणंसुद्धा घातली नाहीत, हातात घेऊन तो पळाला.

मग ती परसात जाऊन दगडांच्या ढिगाजवळ बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. लेकीसाठी रडली, पोपटासाठी रडली. कोणासाठी जास्त, हे तिलाही सांगता आलं नसतं.

“बाई, जरा सरकून बस. माझी कात चिरडशील,” ढिगातून कोणीतरी म्हणालं.

बघते तर धामण! अंग नव्या भांड्यासारखं लखलखत होतं, आणि शेजारी तिने टाकलेली कात पडली होती. डोळ्यांवरच्या खवल्यांपासून शेपटाच्या टोकापर्यंत अख्खी. कुठे चीर नाही.

सुईणीने तिला रोजच परसात पाहिलेलं, म्हणून ती घाबरली नाही. डोळे पुसून तिने विचारलं, “एवढी पातळ कात, आणि फाटली कशी नाही गं?”

“ओढली नाही म्हणून,” धामण म्हणाली. “आधी दवात लोळून अंग भिजवते. मग दगडावर घासून ओठाजवळची कड मोकळी करते. पुढे कुठे अडलंच तर तिथे थांबते. अडतं तिथे काहीतरी धरून बसलेलं असतं, बाई. ते सोडवायचं. बाकीची कात आपण होऊन निघते.”

“आमच्या मिस्त्रीला सांग हे,” सुईण फणकारली.

“मिस्त्रीचं राहू दे. तू सांग, मूल अडलं तर तू काय करतेस? हिसका देतेस?”

“वेडी की काय! ओढलं तर बाळ हाती लागेल का? आधी हात फिरवून बघायचं, कुठे अडलंय...” आणि सुईणीचं वाक्य तोंडातच राहिलं. जन्मभर जे हातांना ठाऊक होतं, ते दारातल्या फटफटीपाशी कधी आठवलंच नव्हतं.

ती तडक उठली आणि मिस्त्रीच्या दारात जाऊन उभी राहिली.

“केरसुणी आणलीय, की नुसत्याच आलात?” मिस्त्रीने आतूनच विचारलं.

“नुसतीच आलेय. चल. हात तुझे, पण घाई माझ्या घरी आणायची नाही. तुला हिसका द्यायला मीच लावलं. इतकी वर्षं हात लावू दिला नाही, मग तुला तरी कसं कळावं कुठे काय आहे ते?”

मिस्त्री विरघळला. तसा तो मनाने वाईट नव्हता. आणि मोडलेली शेपटी त्याने जपून फडक्यात गुंडाळून ठेवली होती, ती त्याने खाली मान घालून पुढे केली.

दिवस थंडीचे होते. थंडीत कचकडं जास्तच कडक होतं, म्हणून सुईणीने फटफटी आधी कोवळ्या उन्हात शेकू दिली. कडांना कोमट तिळाचं तेल सोडलं. काढलेले स्क्रू मिस्त्रीने सुपात ओळीने मांडले, ज्या जागेचा स्क्रू त्या जागी. त्याची बोटं वळवळत होती, पण केरसुणी अजून कोपऱ्यातच होती.

मग सुईणीने डोळे मिटले आणि पोटुशीच्या पोटावरून फिरवते तसे दोन्ही हात अंगरख्यावरून फिरवले. इथे सैल. इथे सैल. इथेही सैल. आणि मधोमध तिची बोटं थांबली.

“इथे धरलंय,” ती म्हणाली.

मिस्त्रीने वाकून पाहिलं. तिची बोटं टिळ्यावर होती.

“स्क्रू याच्या खाली असणार, मावशी.” तो हळूच म्हणाला, “पण हे तुम्हीच पुसा. मी नाही हात लावणार.”

इतक्या दसऱ्यांचं कुंकू! सगळ्यांत तळाशी नवऱ्याच्या बोटाचं. सुईणीचा हात काही केल्या पुढे होईना. मग तिला लेकीचे सुजलेले पाय डोळ्यांपुढे दिसले. तिने ओल्या फडक्याने हळूहळू पुसायला घेतलं. फडकं लाल झालं, पाणी लाल झालं, डोळ्यांतलं पाणीही थांबेना. आणि तळाशी एक स्क्रू चमकला. गंजाचा ठिपका नाही. नवऱ्याने टिळा स्क्रूच्या माथ्यावर लावायचं ठरवलं होतं. तेलकुंकवाने तो गंजणार नाही म्हणून.

मिस्त्रीने तो फिरवला. अंगरखा आपण होऊन सुईणीच्या हातांत उतरला, झोपलेलं लेकरू मांडीवर यावं तसा.

तिने तो उलटा केला, आणि बघतच राहिली.

आतल्या बाजूने अंगरखा ठिगळांनी भरलेला होता. राळेत बुडवलेल्या कापडाच्या पट्ट्या, इथे एक, तिथे एक. बाहेरून जिथे पोपटाची मान अखंड दिसायची, तिथे आतून जुनी भेग होती, नीट सांधलेली. पंखाखाली भेग. चोचीखाली भेग. आणि पट्ट्यांचं कापड? ते तिच्याच लुगड्यांचं! हा अंजिरी काठ, हा हळदी, ही तिच्या लग्नातली चौकडी.

“अगं बाई!” सुईण ओरडली. “आणि लुगडी कुरतडली म्हणून मी इतकी वर्षं उंदरांना शिव्या घालत होते!”

दर दसऱ्याच्या आदल्या दिवशी नवरा तिला धुणं घेऊन नदीवर पिटाळायचा. ती परत यायची तेव्हा फटफटी लखलखत असायची. आता तिला उमगलं. तो दरसाल अंगरखा उतरवत होता. कधी मोडतही होता, कारण माणूसच तो. मोडला की तिच्या जुन्या लुगड्याचा कोपरा कापून आतून सांधत होता, आणि बायको जिवाला लावून घेईल म्हणून चकार शब्द काढत नव्हता. जो अंगरखा कधी कोणी काढला नाही असं ती जगाला सांगत आली, तो त्याने पुन्हा पुन्हा काढला होता, म्हणून तर टिकला होता.

ती हसली आणि रडलीही. मिस्त्रीने मुकाट्याने यंत्रात डोकं घातलं.

आत पाहतो तर यंत्राला श्वास घ्यायची जी नळी, तिच्यात गवत, पिसं आणि चिंध्या गच्च भरलेल्या. उंदराचं घरटं! म्हणजे उंदीर होता खराच, फक्त लुगड्यांचा चोर तो नव्हता. मिस्त्रीने घरटं ओढलं तसा उंदीर टुणकन उडी मारून परसाकडे पळाला. पुढे काय झालं ते मी बघितलं नाही; पण त्या दिवशी दगडांच्या ढिगात धामण जेवून सुस्त पडली होती, एवढं खरं.

मिस्त्रीने नळी साफ केली, तिचा पिचलेला तुकडा बदलला. सुईणीने नेसत्या लुगड्याच्या पदराची पट्टी टर्रकन फाडली, राळेत बुडवली आणि मोडकी शेपटी आतून सांधली, नवऱ्याच्या ठिगळाशेजारी आपलं ठिगळ. राळ वाळल्यावर अंगरखा चढला आणि सुपातला स्क्रू न् स्क्रू आपापल्या जागी बसला. फटफटीला लाथ बसली, आणि ती अशी फटफटली की गावातली कुत्री घाट चढेपर्यंत मागे धावली.

दिवस मावळायच्या आत सुईण लेकीच्या दारात होती. सासूने हात जोडले. कळा सुरू झाल्या होत्या. “आलीस?” लेक म्हणाली, आणि तिने आईचा तेलकट, कुंकवाने लाल झालेला हात घट्ट धरला. हात धुऊन सुईण कामाला लागली. बाळ जरासं अडलंच. सुईणीने घाई केली नाही, हात फिरवून अडलं ते सोडवलं. गोरीगोमटी नात टाहो फोडत जगात आली आणि आजीच्या मांडीवर गप्प झाली.

त्यानंतर दर दसऱ्याच्या आदल्या दिवशी सुईण भर अंगणात अंगरखा उतरवायची. जुना टिळा पुसायची, आतल्या भेगा बघायची, लागेल तिथे पट्टी लावायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी ताजा टिळा. मिस्त्री न बोलावता यायचा. धीर त्याच्या अंगी आला होता, थोडाथोडा.

नात मोठी झाली, सूप धरायला लागली. एकदा पोपटाच्या शेपटीवरून बोट फिरवत तिने विचारलं, “आजी, ही रेघ कसली गं? इथे मोडलाय का हा?”

“मोडला होता,” सुईण म्हणाली. तिने अंगरखा उलटा करून नातीला आतली सगळी ठिगळं दाखवली. “ही तुझ्या आजोबांची. हे माझं. आणि ही इथली जागा मोकळी आहे ना, ती तुझी.”

म्हणतात की ती फटफटी नातीच्या नातीनेही चालवली, आणि दोन्ही पोपट शेवटपर्यंत हिरवे होते.

तात्पर्य: जपणं म्हणजे हात न लावणं नव्हे, जपणं म्हणजे जपून हात लावणं.