हत्तीच्या नावाची फळी

डोंगरातल्या प्राण्यांनी समुद्र पाहिलाच नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. एका हत्तीने आयुष्यभर साठवलेलं सगळं देऊन त्यांच्यासाठी भलंमोठं मत्स्यालय बांधलं. समुद्रातले मासे तिथे हौसेने राहायला आले. देणाऱ्याचं नाव लावायची रीत होतीच. सुतारपक्ष्याने सागाच्या जाड, लांबलचक फळीवर हत्तीचं नाव कोरलं आणि हत्तीने ती फळी काचेसमोरच उभी केली.

उद्घाटनाला सारं रान लोटलं. पिल्लांना घेऊन आलेल्या मुंगसाच्या आईला हत्तीने विचारलं, "कसे वाटले मासे, ताई?"

"छान असतील हो, दादा," ती संकोचून म्हणाली. "आम्हाला इथून तुमचं नाव तेवढं दिसतंय."

हत्तीला हे पटेना. तो गुडघे टेकून तिच्याशेजारी बसला, मान अगदी जमिनीपर्यंत नेली. समोर नुसती फळी होती.

त्याने ती सोंडेने उपटली आणि काचेखाली दगडांवर आडवी टाकली. पिल्लं टुणकन फळीवर चढली. "आई, तो निळा बघ!"

पुढे त्या पायांखाली अक्षरं पार झिजली. सुतारपक्षी हळहळला, "पुन्हा कोरून देऊ का?"

"नको रे," हत्ती म्हणाला, "पिल्लांच्या पायांना टोचेल."