पंच्याखालचा हात

“...तर राहिलेल्या वर्षाचं सोनं कसं करायचं, तेवढं सांगा चाचा.”

विचारणारा इंद्रजित बोंद्रे पुण्याच्या एका कॉलेजात एमबीए करत होता. दोन वर्षांपैकी एक संपलं होतं.

बाबालालचाचा मुलाणी गुरांच्या बाजारातले जुने हेडी. विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये बसून सौदा जुळवायचा, हे त्यांचं काम. इंद्रजितचे आजोबा त्यांना विचारल्याशिवाय कधी बैल घेत नसत. नातवाला त्यांनीच इथे पाठवलं होतं.

चाचा बाजाराच्या कडेला कडुनिंबाखाली बसून एका खोंडाच्या कानातले गोचीड काढत होते.

“पहिलं वर्ष कसं गेलं?” त्यांनी विचारलं.

“एक मिनिट वाया घालवलं नाही. वर्गात पहिला आलो. कॉलेजच्या चार मंडळांवर आहे. दोन जादा कोर्स केले. फोनमध्ये सहाशे नवे नंबर आहेत, सगळे कामाचे.”

“आणि जेवायला कुणासंगं बसतोस?”

“जेवताना व्याख्यानं ऐकतो. कानात लावून.”

खोंडाने मान झटकली. गळ्यातली घंटा वाजली.

इंद्रजितने घड्याळ पाहिलं.

“चाचा, माझी पुण्याची चारची गाडी आहे.”

“आसू दे की. आधी एक सौदा करू.”

चाचांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि आपल्या उजव्या हातावर टाकला.

“घाल हात.”

इंद्रजितला हसू आलं. ही बोटांची भाषा त्याला लहानपणापासून येत होती. भाव तोंडाने बोलायचा नाही. जितका भाव, तितकी आपली बोटं कापडाखाली समोरच्याच्या हातात द्यायची, म्हणजे आजूबाजूच्यांना कळत नाही. त्याने हात घातला आणि लगेच आपली तीन बोटं चाचांच्या मुठीत दिली.

“काय बोललास?”

“भाव.”

“कशाचा?”

“या खोंडाचा.”

“आरं, खोंड इकायला काढलाय आसं कोण म्हणालं?”

पलीकडे कडबा सोडणारी बाई तोंडाला पदर लावून हसली. इंद्रजितचे कान लाल झाले.

“मग काय करू?”

“काय करू नगंस. हात तसाच ऱ्हाऊ दे.”

“किती वेळ?”

चाचांनी डोळे मिटले होते.

...

पंच्याखाली काहीच घडत नव्हतं. एक माशी पंच्यावर बसली, उडाली, पुन्हा बसली. इंद्रजितचा दुसरा हात खिशातल्या फोनकडे गेला आणि मध्येच थांबला.

...

मग त्याच्या कपाळावर आठी पडली. त्याने पंच्याखाली बोटं चाचपली. पुन्हा एकदा चाचपली.

“चाचा... तुम्हाला करंगळी नाही?”

“न्हाई. बैलाच्या कासऱ्यात गुतून तुटली. तुझा बाप तवा शाळेत जायचा.”

“मला दिसलंच नाही.”

“ह्याच हातानं तुला मगाशी च्या दिला.”

इंद्रजितने हळूच विचारलं, “मग तुम्ही पाच कसे सांगता?”

“माझी चार. पाचवं समोरच्याचं घेतो.”

कडबावाली आता हसत नव्हती. ती पेंढी हातात धरून ऐकत होती.

“बाजारात समद्यांना ठावं हाय,” चाचा म्हणाले. “पाच म्हणायची येळ आली, की समोरचा आपनच बोट फुडं करतो.”

इंद्रजितने हात काढून घेतला नाही.

“आता माझं ऐक,” चाचा म्हणाले. “तुझा हात गार पडलाय. सोनंबिनं करायला आलेल्याचा हात आसा नसतो. काय झालंय?”

...

“उद्या प्रकल्पाचे गट ठरतात,” इंद्रजित म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. “पाच-पाच जणांचे. वर्षभर त्याच गटात काम करायचं असतं. एकट्याने करू देत नाहीत. गट नसेल, तर प्रकल्प नाही. प्रकल्प नाही, तर पदवी नाही.”

“मग?”

“मला कुणी घेत नाही.”

“पयला आलास न्हवं तू?”

“तरीही.”

“त्यांची नावं ठावं हायती?”

“सगळ्यांचे नंबर आहेत.”

चाचांनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

इंद्रजितने खाली बघितलं. मग तो म्हणाला, “चेहऱ्यासकट एकाचंच माहीत आहे. शेजारच्या खोलीतला, कुणाल ठोसर. पहिल्या आठवड्यात मला जेवायला बोलवायला आला होता. रोज यायचा. मी कानातलं काढलं नाही, म्हणून मग यायचा बंद झाला.”

“कुठं जेवतो त्यो?”

“तिथेच. मेसमध्ये. खिडकीजवळ.”

“किती वाजता?”

“आठ.”

“मग चारची गाडी बरी हाय की.”

इंद्रजित हसला. सकाळपासून पहिल्यांदा मोकळेपणाने.

तो उठला, चाचांच्या पाया पडला. जाताना खोंडाच्या कपाळावर हात ठेवून तो थोडा वेळ उभा राहिला. खोंडाने त्याचं मनगट चाटलं. चार वाजायला फारसा वेळ नव्हता, पण त्याने घड्याळ पाहिलं नाही.

चाचांनी पंचा झटकला, घडी घातली आणि इंद्रजितच्या खांद्यावर ठेवला.

“हे कशाला, चाचा? मेसमध्ये असा पंचा घेऊन गेलो, तर सगळे हसतील मला.”

“हसू दे,” चाचा म्हणाले आणि पुन्हा खोंडाच्या कानाकडे वळले. “हसणाऱ्याचा हात सैल आसतो, बोट आपनच फुडं येतं.”