दिवाणसाहेबांच्या रांगा

टायटॅनियमचे राज्य वजनाने हलके होते आणि त्याचे बळ प्रजेच्या बैठकीवर अवलंबून होते. गारव्यात लोक षटकोनी घोळके करून दाटीने बसत. उष्मा हद्दीपलीकडे गेला की सगळे उठत आणि चौकोनी, मोकळ्या बैठकीत बसत. गारवा परतला की पुन्हा दाटी.

दिवाण ॲल्युमिनियम दाटीच्या बैठकीचे कैवारी. ते मुळात बाहेरून आलेले, पण ही गोष्ट दरबारात कुणी काढत नसे. त्यांच्या शब्दाखातर लोक अधिक उष्मा सोसून जागेवर राहत. राज्य त्यांच्यामुळे कणखर झाले, हे खोटे नव्हते.

मग बाहेरूनच व्हॅनेडियमबाई आल्या. त्यांच्याभोवती काही लोक गारव्यातही मोकळे बसू लागले. त्या साली राज्यावर घण पडला. राज्य वाकले, सावरले, कुठे चीर गेली नाही.

"बाई, मार तुमच्या माणसांनी जिरवला," राजा भर दरबारात म्हणाला. दिवाणांकडे त्याने पाहिलेही नाही.

त्या दिवसापासून दिवाणांना बाईंच्या बाजूचे हसणेसुद्धा सोसेना. कणखरपणा आपला आणि कौतुक तिचे!

"तुमच्याकडे बसायची काही शिस्त आहे का, बाई?" त्यांनी एकदा चारचौघांत विचारले.

"आहे ना, दिवाणसाहेब. धक्का आला की सरकायचं."

"सरकणाऱ्याला आमच्याकडे पळपुटा म्हणतात."

"तुमच्याकडे त्याला सरकायला जागा तरी कुठे आहे?"

दरबार हसला. राजाही हसला. ते हसू दिवाणांना फार लागले.

ते राजाच्या कानाशी गेले. "सरकार, बाई जड आहेत. आपले नाव हलकेपणावर चालते." यात खोटे काहीच नव्हते, म्हणूनच राजाला ते पटले. बाईंना निरोप मिळाला आणि त्यांच्या जागी दिवाणांचे भाऊबंद आले. राज्य आणखी हलके झाले, आणखी कडक झाले. दिवाणांनी आणखी भाऊबंद आणले. आता प्रत्येक भाऊबंदापाठी तीन प्रजाजन नेमून दिले गेले. कुणी कोणत्या रांगेत, कुणाशेजारी बसायचे ते कायमचे ठरले. शिस्त आली, अशी दवंडी पिटली गेली. पिटणाऱ्यांनी काही विचारले नाही. त्यांनाही जागा मिळाल्या होत्या.

पुढच्या साली घण पडला. नेहमीचाच. एका कडेला केसाएवढी चीर उमटली आणि पहिल्या रांगेपाशी आली. तिथल्या तिघांनी आपल्या भाऊबंदाकडे पाहिले. त्याने पुढच्या भाऊबंदाकडे पाहिले. चीर त्यांच्यामधून सरळ निघून गेली, मग पुढच्या रांगेतून, मग त्यापुढच्या.

राज्याचे दोन तुकडे झाले. एका तुकड्यावर राजा राहिला, दुसऱ्यावर दिवाण. राजा बाई गेल्या त्या वाटेकडे पाहत होता.

"सरकार," पलीकडून दिवाणांनी हाक मारली, "इकडे तरी बघा. एकही जण जागचा हललेला नाही."